पहिलं उत्तर

प्रथमेशने प्रश्न विचारला आणि शलाकाने तोंड उघडायच्या आत दिवा लाल झाला.

प्रश्न साधाच होता. शेवंती कायमची आपल्याकडे राहावी, असं तुला वाटतं का? रविवारची सकाळ, पोहे खाऊन झालेले, पाच वर्षांची शेवंती गॅलरीत कुंडीतली माती चमच्याने उकरत बसलेली आणि हे दोघं नवरा-बायको जेवणाच्या टेबलाशी. शलाकाच्या डोक्यावर कंपनीने घरी सरावासाठी दिलेला पट्टा होता. मुली केस मागे ठेवायला लावतात तसलाच, फक्त आतल्या बाजूला चांदीचे बारीक ठिपके आणि त्याला जोडलेली साबणाच्या वडीएवढी डबी. डबीवर दोन दिवे. मनात होकार उमटला की हिरवा, नकार उमटला की लाल.

"हो," शलाका म्हणाली. पण ते नंतर.

प्रथमेशने पट्टा तिच्या डोक्यावरून अलगद काढला, डबी टेबलाच्या खणात ठेवली. आता तू घाल, मी विचारते, असं तिने म्हटलं, तर माझं मला माहीत आहे म्हणून तो आंघोळीला निघून गेला. शेवंतीला घरी आणून तीन महिने होत आले होते. पुढच्या आठवड्यात दत्तक कक्षात जाऊन दोघांनी संमती द्यायची होती, आणि अलीकडे सरकारदरबारी संमती तोंडी घेत नाहीत. पट्टा घालूनच घेतात.

असलं खूळ कुणाच्या घरात चालतं, असं कुणी विचारेल. ब्रेकवाल्यांच्या घरात चालतं. आणि ब्रेकवाले म्हणजे कोण, हे सांगायचं तर महाप्याच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत जायला हवं.

शेअर बाजारात माणसं घसा खरवडून सौदे करायची तो काळ कधीच गेला. आता सौदे यंत्रं करतात. बाजाराचा मुख्य संगणक ज्या इमारतीत, त्याच इमारतीत सगळ्या पेढ्यांची यंत्रं भाड्याने जागा घेऊन बसलेली. कुणाचं यंत्र चार हात जवळ असेल तर त्याची ऑर्डर आधी पोचेल, म्हणून प्रत्येकाला सारख्याच लांबीची तार देतात आणि जवळच्या यंत्राची उरलेली तार वेटोळं करून टांगून ठेवतात. प्रकाशाला चार हात जायला वेळ तो कितीसा लागणार? पण तेवढ्यावरही इथे भांडणं होतात. भाव बदलल्यापासून ऑर्डर पोचेपर्यंत जो काळ जातो त्याला या धंद्यात विलंब म्हणतात, आणि विलंब हा सगळ्यांचा सामाईक वैरी.

मध्ये एका पेढीचं यंत्र चळलं. चालवणाऱ्यांना काय होतंय ते कळेपर्यंत त्याने इतकी वेडीवाकडी खरेदी-विक्री केली की हजारो माणसांचं म्हातारपण पाण्यात गेलं. मग नियम झाला: प्रत्येक यंत्राशेजारी एक जिवंत माणूस हवा, त्याच्या हाताशी यंत्र थांबवायचं बटण हवं. या माणसांना ब्रेकवाले म्हणायला लागले. नियम चांगला होता. पण माणसाने बघायचं, त्याच्या मेंदूने समजून घ्यायचं, अंगठ्याला सांगायचं, अंगठ्याने दाबायचं, तोवर यंत्र लाखभर सौदे करून मोकळं. इमारतीतली सगळ्यात संथ वस्तू खुर्चीवर चहा पीत बसली होती.

तिला वेगवान करायचा मार्ग डॉक्टर केणींनी शोधला. अंगठा हलतो त्याच्या आधी मेंदूत हालचालीची तयारी सुरू होते, आणि ती तयारी सुरू झाल्याचं खुद्द त्या माणसालाही थोडं मागाहून कळतं. हे जुन्या जाणत्यांना ठाऊकच होतं. केणींनी एवढंच केलं की ती तयारी केसांवरून, स्वच्छ आणि झटकन वाचणारा पट्टा बनवला. माणसाने बटण दाबायचं ठरवलंय हे माणसाच्या आधी यंत्राला कळायला लागलं.

अडचण एकच होती. माणूस तयारी करतो आणि माघार घेतो. सासूबाईंना उत्तर द्यायला जीभ वळते आणि आपण ते गिळतो. तिसऱ्या लाडवाकडे हात निघतो आणि परत येतो. हात निघणं आणि परत येणं यांच्या मध्ये एक बारीकशी फट असते, आणि माणसाचं मन जे काही बदलतं ते त्या फटीत बदलतं. पेढ्यांच्या लेखी मात्र तो निव्वळ विलंब होता. मग ब्रेकवाल्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. माघार घेतली की कानामागे बारीक चिमटा बसायचा. दिवसच्या दिवस, महिनेच्या महिने. हळूहळू मेंदूने माघार घेणं सोडून दिलं आणि फट बुजली. प्रथमेश आणि शलाका गावंड हे डॉक्टर केणींच्या पहिल्या तुकडीतले. चिमटे खाता खाता दोघांचं जमलं, लग्न झालं. आठ वर्षं झाली त्याला.

पुढे पट्टा महाप्याबाहेर पडला. माणसं दबावाखाली सह्या करतात, शिकवलेली उत्तरं देतात, भिडेपोटी हो म्हणतात. पट्ट्यात उमटणारं पहिलं उत्तर मात्र कुणाला शिकवता येत नाही, असं केणींच्या कंपनीने पटवलं. मग बँका आल्या, निबंधक कार्यालयं आली, न्यायालयं आली. पहिलं उत्तर तेच खरं, असे फलक लागले. आणि ब्रेकवाल्यांना तर ते आधीपासूनच पटलेलं होतं. वाद झाला की पट्टा घालायचा, प्रश्न विचारायचा, दिवा बघायचा आणि विषय मिटवायचा, अशी रीतच पडून गेली होती त्यांच्या घरांत. गावंडांच्या घरीही तेच. बाहेर जेवायला जायचं का? लाल. हंपीला जाऊन यायचं? लाल. शलाकाच्या भावाला भाऊबीजेला इकडेच बोलवायचं? लाल. पहिल्या पहिल्यांदा अधूनमधून हिरवा लागायचा, पुढे पुढे नाहीच. आपण बाबा घरकोंबडी माणसं, असं दोघं हसत म्हणायची, आणि खरोखरच कुठे जायची नाहीत.

दत्तकासाठी अर्ज केला होता तो हिरवा लागायचा तेव्हाचा. नंबर लागायला इतकी वर्षं लागली. फोन आला तेव्हा शलाका बाजाराच्या वेळात खुर्चीवर होती. सुट्टी झाल्यावर तिने निरोप ऐकला आणि कॅंटीनमध्ये सगळ्यांसमोर रडली.

शेवंती पेणजवळच्या एका संस्थेतून आली. ज्या दिवसांत मूल संस्थेत येईल त्या दिवसांतल्या फुलाचं नाव ठेवायची तिथे पद्धत होती. याआधी एका कुटुंबाने तिला नेऊन परत आणून सोडलं होतं, का ते कुणी सांगितलं नाही. ती फार कमी बोलायची. लिफ्टमध्ये शिरली की सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची. संस्थेत चपला लावायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे इथेही मजल्यावरच्या चारी घरांच्या चपला गोळा करून ती गावंडांच्या दारापुढे जोडीने लावून ठेवायची. शेजारच्या सबनीसकाका-काकूंनी दोनदा तक्रार केली. शलाकाने माफी मागितली, दार लावलं आणि पाठ टेकून पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी.

ही पोर आपल्याला हवी आहे हे शलाकाला त्या हसण्यात कळलं होतं. पण त्याला वेळ लागला होता. बरेच दिवस लागले होते. आणि आता साबणाच्या वडीएवढ्या डबीने एका क्षणात सांगून टाकलं होतं की नको आहे.

त्यात बुधवारी ती गोष्ट घडली. शलाका उशांचे अभ्रे धुवायला काढत होती. शेवंतीच्या उशीतून पोळीचे वाळलेले तुकडे पडले, त्यांच्याबरोबर मुंग्या. कधी काळी उपाशी राहिलेली मुलं असं साठवून ठेवतात, हे शलाकाला संस्थेत सांगितलेलं होतं. तिने तुकडे उचलले आणि शेवंती कुठूनशी धावत आली, तिने शलाकाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. शलाकाचा हात उठला आणि पडला. उठतोय हे तिला कळलं तेव्हा शेवंतीच्या गालावर तिची बोटं उमटली होती.

कोणत्या आईचा हात उठत नाही? पण उठलेला हात हवेतल्या हवेत थांबतो, निम्म्या वेळा तरी थांबतो. शलाकाच्या हाताला थांबायला जागाच उरली नव्हती. शेवंती रडली नाही. तिने जमिनीवरचे तुकडे गोळा केले, फ्रॉकच्या ओच्यात घेतले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. शलाका तिच्यामागे जमिनीवर बसून राहिली. जवळ घ्यायला हात पुढे करायची तिला भीती वाटली. आपला हात काय करेल याचा आता तिचा तिलाच भरवसा नव्हता.

प्रथमेशला तिने सगळं सांगितलं. त्याने तिच्या मनगटाला हळद लावली, शेवंतीला खाली बागेत नेऊन आणलं, आणि शलाकाशी नेहमीपेक्षा जास्त चांगलं वागला. ते तर शलाकाला सगळ्यात जिव्हारी लागलं. आजारी माणसाशी वागतात तसं तो वागत होता. त्याने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता, आणि तो निकाल तिलाही खोटा म्हणता येत नव्हता. दिवा लाल झाला होता. हात उठला होता. दोन्ही पहिली उत्तरं होती.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाल्यावर ती डॉक्टर केणींच्या खोलीत गेली. पांढरे केस नीट मागे वळवलेले, टेबलावर कधी धूळ नाही, असे केणी. आपल्या पहिल्या तुकडीतल्या माणसांना ते नावाने ओळखायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शलाकाने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चिमटे मारून तुम्ही जो वेळ काढून घेतलात तो मला परत द्या. पुढच्या आठवड्याच्या आत.

केणींनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मेंदूत एखादी पायवाट बुजते म्हणजे काय होतं ते त्यांनी समजावलं. काम पूर्ण सोडून वर्ष-दोन वर्षं गेली तर थोडंफार परत येईलही, तशी दोन माणसं त्यांच्या पाहण्यात होती. पण आठवड्यात नाही.

"शलाका, तुझा विलंब आम्ही काढून टाकला," ते म्हणाले. "तो कुठे कपाटात ठेवलेला नाही, उघडून द्यायला."

तिने मग पट्ट्याला फसवायचा काही उपाय आहे का, असं विचारलं. विचारताना लाज वाटली, पण विचारलं. केणी हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. पट्टा फसत नाही, याच भरवशावर आज निम्मा देश सह्यांऐवजी तो वापरतोय, असं ते म्हणाले. आणि तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघून त्यांनी विचारलं, की जे पहिल्याच क्षणी नको वाटतं ते मूल ओढूनताणून ठेवण्यात त्या मुलीचं तरी काय भलं आहे? हा प्रश्न घेऊन शलाका बाहेर आली आणि पार्किंगमध्ये स्कूटरवर कितीतरी वेळ किल्ली न लावताच बसली.

मग तिने तेच सुरू केलं जे पेपरात नापास होणारी मुलं शेवटच्या दिवसांत करतात. प्रथमेश शेवंतीला शाळेत सोडायला गेला की ती खणातून पट्टा काढायची. शेवंती हवी का? लाल. शेवंतीच्या केसांना येणारा मातीचा वास आठवायची आणि विचारायची. लाल. चपलांच्या रांगा आठवायची, तिचं झोपेत बोटं चोखणं आठवायची, लिफ्टमधली ती गंभीर मुद्रा, की हे काम माझ्याशिवाय कोण करणार? लाल. एकदा तिने डोळे गच्च मिटून, हात जोडून देवाला सांगितलं की एकदाच, फक्त एकदाच हिरवा कर. डोळे उघडायच्या आधीच तिला कळलं होतं. मग तिने डबी भिंतीवर फेकून मारली. डबीला काही झालं नाही, भिंतीचा पोपडा निघाला.

मी मुळातच वाईट बाई असेन, असं तिला वाटायला लागलं. वरवरचं प्रेम आणि आत दगड. या विचाराची तिला इतकी खात्री पटत चालली की शेवंतीचे कपडे घडी करताना ते संस्थेच्या पिशवीतच भरावेत असं तिच्या मनात आलं, आणि मनात येईपर्यंत तिने दोन फ्रॉक भरलेही होते. ते काढून तिने परत कपाटात ठेवले.

दत्तक कक्षाचा दिवस उजाडला. निकाल काय होईल ते आधी कळत नाही, म्हणून मुलाचे कपडे बरोबर आणायची पद्धत होती. ती पिशवी शेवटी प्रथमेशने भरली. संस्थेच्या बाई बाहेरच्या बाकावर शेवंतीला मांडीशी घेऊन बसल्या. गावंड दांपत्याला शिपायाने आतल्या छोट्या खोलीत नेलं, पट्टे घातले, डब्या टेबलावर ठेवल्या आणि यंत्राला डोक्याची ओळख पटेपर्यंत तसंच बसायला सांगितलं.

शलाकाच्या घशाला कोरड पडली होती. सकाळपासून तिने घोटभरही घेतलं नव्हतं. समोर स्टुलावर पाण्याचा जग होता आणि त्याच्याकडे तिची नजर सारखी जात होती.

"मॅडम, पाणी हवंय?" शिपायाने विचारलं.

दिवा लाल झाला. शिपायाने भरलेला पेला परत ठेवला. त्यालाही डबीकडेच बघायची सवय झाली होती.

"अहो, हवंय मला," शलाका म्हणाली.

तिने पेला घेतला, एका दमात रिकामा केला, आणि मग तशीच डबीकडे बघत राहिली. शिपाई बाहेर गेला. तिने स्वतःशी पुटपुटून विचारलं, शलाका, तू जिवंत आहेस का? लाल. आज शुक्रवार आहे का? लाल. शुक्रवारच होता. ती प्रथमेशकडे वळली. प्रथमेशची आई उरणला असायची, आणि तिला फोन केल्याशिवाय हा माणूस संध्याकाळचा चहा पीत नसे.

"प्रथम, तुला तुझी आई आवडते का?"

त्याच्या डबीवरचा दिवा लाल झाला. त्याने दिव्यावर हात ठेवला, झाकल्यासारखा.

"आठ वर्षं आपण काय करतोय त्या खुर्चीवर?" शलाका म्हणाली. "यंत्र चालू ठेवायला कुणी आपल्याला विचारतच नाही. ते आपलं आपण चालतं. आपण फक्त थांबवतो. दुसरं काही उमटतच नाही आता आपल्यात. काहीही विचारा, थांबा एवढंच उमटणार."

प्रथमेशने खाली मान घालून सांगितलं. त्या रविवारी आंघोळीला जाताना, तिची पाठ वळल्यावर, त्याने खणातला पट्टा टॉवेलात गुंडाळून नेला होता. न्हाणीघरात स्वतःला शेवंतीचं विचारलं होतं. लाल.

"आणि इतके दिवस तू मला एकटीला..."

"हो," तो म्हणाला. "तुझ्यामुळे नाही झालं, असं मला पुढे म्हणता आलं असतं."

शलाकाला त्याचा संताप आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं, पण दोन्हीला वेळ नव्हता. शिपाई दारात आला होता. हंपी, भाऊबीज, बाहेरची जेवणं, सगळं तिच्या डोळ्यापुढून गेलं. एवढी वर्षं दोघांनी एका बिघडलेल्या दिव्याच्या सांगण्यावरून संसार केला होता.

शिपायाने दोघांना पट्ट्या-डब्यांसकट कक्षाच्या अधिकारी लोंढे मॅडमकडे नेलं. मॅडम पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी, बोलणं मऊ. शलाकाने धडाधडा सगळं सांगितलं. प्रथमेशने मध्ये मध्ये पुस्ती जोडली. मॅडमनी त्यांना तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ताई, या खुर्चीत बसून पट्टा चुकलाय असं म्हणणारे मी रोज बघते. त्यातल्या कुणाचं खरं असेलही. पण ते ओळखायचा अधिकार माझ्याकडे ठेवलेला नाही. प्रश्नसुद्धा मी विचारत नाही, तो वरून येतो. पट्ट्याशिवाय संमती नाही आणि आज संमती नसेल तर मुलीला आजच परत न्यावं लागतं, यात मी काही करू शकत नाही.

मग भिंतीवरच्या पेटीतून कुणा बाईचा गोड, छापील आवाज आला. या बालिकेचा आपले अपत्य म्हणून कायमस्वरूपी स्वीकार करण्यास आपली तयारी आहे का?

दोन्ही दिवे लाल झाले.

"हो," शलाका म्हणाली. "हो, आहे. आहे तयारी." प्रथमेशही तेच म्हणत होता, दोघांचे आवाज एकमेकांत मिसळत होते. शलाका उठून उभी राहिली, मॅडमच्या टेबलाच्या कडा धरून पुन्हा पुन्हा हो म्हणत राहिली. दिव्यानंतर बोललेल्या शब्दांना तिथे किंमत नव्हती. मॅडमनी नजर खाली केली आणि घंटी वाजवली.

संस्थेच्या बाई शेवंतीला घेऊन दारात आल्या. त्यांना सगळं कळलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवंतीलाही कळलं असावं. एका घरातून परत येणं कसं असतं ते तिला माहीत होतं. तिने आकांत केला नाही. प्रथमेशच्या पायाशी ठेवलेली कपड्यांची पिशवी तिने आपणहून उचलली, ती तिला जड होत होती, आणि बाईंचा हात धरून ती दारापर्यंत गेली. शलाकाला हलता येत नव्हतं. यंत्राची तार डोक्याला जोडलेली होती म्हणून नव्हे. आपण धावलो तर आपले हात त्या पोरीला कुशीत घेतील की पुन्हा मारतील, हे तिला ठाऊक नव्हतं.

दारात शेवंती थांबली आणि शलाकाकडे वळली. बाहेर जाताना मोठ्यांना विचारून जावं, हे संस्थेत मुलांना शिकवलेलं असतं.

"मावशी, मी जाऊ?"

दोन्ही दिवे लाल झाले. शलाकाच्या कानात शब्द पुरते शिरलेही नव्हते.

संस्थेच्या बाई जागच्या जागी थांबल्या. शिपाई डबीकडे बघत राहिला. लोंढे मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दोन्ही दिवे एकदा नीट बघून घेतले.

"उत्तर पहिलं असावं, असा नियम आहे," त्या हळूच म्हणाल्या. "प्रश्न कुणी विचारायचा, ते त्यात कुठे लिहिलेलं नाही. मी जाऊ का, असं मुलीने विचारलंय आणि दोघांनीही नकार दिलाय. संमती म्हणून मी हेच नोंदवते. वरून विचारलं तर मी उत्तर देईन."

प्रथमेशने तोंड हातांत झाकून घेतलं.

पण शेवंतीला दिव्यांमधलं काही कळत नव्हतं, नियमातलंही नाही. ती शलाकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला अजून कुणी उत्तर दिलं नव्हतं.

शलाकाला माहीत होतं की दिवा खोटा आहे. पोरीने मी राहू का असं विचारलं असतं तरी तो लालच झाला असता. तो आज त्यांच्या बाजूने पडला होता, एवढंच. त्याच्यावर विसंबून तिला या मुलीला घरी न्यायचं नव्हतं. तिने डोक्यावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. मनगटावर दातांचे वण अजून दिसत होते. ते तिने बघितले. आपली बोटं उमटलेला तो गाल बघितला. उद्या पुन्हा हात उठेल, ही भीती आली. नोकरी सोडायची, वर्ष-दोन वर्षं घरी बसायचं, तरी ती फट परत येईलच असं नाही, हेही मनात आलं. कुणा दुसऱ्याच्या घरी ही जास्त सुखी राहील का, हा केणींचा प्रश्नही आला. सगळे आले आणि तिने सगळ्यांना येऊ दिलं. कुणीही तिला घाई केली नाही. लोंढे मॅडमनीसुद्धा नाही.

"नको जाऊस," मग ती म्हणाली. "उशीर लागला मला सांगायला. पण विचार करून सांगतेय. नको जाऊस."

शेवंतीनेही वेळ घेतला. तिने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा प्रथमेशकडे, आणि पुन्हा शलाकाकडे. मग तिने बाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि पिशवी खाली ठेवली.